"मी मागून खाईन"

दिवाळीला मुलगा, सून आणि नात पुण्याहून खामगावला आली की चौथ्या दिवशी आमच्या घरात एक ठराव हमखास मांडला जातो : 'आज बाहेर जेवू.' मांडणारी नात, वय वर्षे नऊ. अनुमोदन सुनेचे. मी तटस्थ. विरोध एकट्या सौभाग्यवतींचा : "घरात एवढं फराळाचं पडलंय अन् बाहेर कशाला?" २०२४ च्या दिवाळीत मात्र ठराव मंजूर झाला आणि आम्ही पाचजण गल्लीच्या टोकाला नव्यानेच निघालेल्या पिझ्झाच्या दुकानात जाऊन बसलो.

दुकान म्हणजे दोन गाळ्यांमधली भिंत पाडून केलेली एक खोली. सहा टेबले, भिंतीवर इटलीच्या कलत्या मनोऱ्याचे चित्र आणि काउंटरमागे विजेची भट्टी. चालवणारा पोरगा पंचविशीतला. मी सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे भट्टी दिसली की तिची किंमत, कर्ज आणि हप्ता मनातल्या मनात मांडायची खोड काही जात नाही. हप्ता सुटत असावा असे वाटले आणि बरे वाटले.

बाहेर खाणे आमच्या पिढीला ठाऊकच नव्हते असे नाही. शेगावला दर्शनाला गेले की कचोरी ठरलेली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी ती १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर सुरू केली. पण ती खायची कागदावर, उभ्या उभ्या. बायकापोरांना घेऊन हॉटेलात बसणे वडिलांना पटत नसे. १९९६ साली डोमिनोज दिल्लीत आणि पिझ्झा हट बंगळुरात आले, तेव्हा मी मेहकरच्या शाखेत होतो. वर्तमानपत्रातली बातमी वाचून, "आपल्याकडे हे कोण खाणार?" असे मी मोठ्याने म्हणालो होतो. कर्जप्रकरणांतही माझे अंदाज असेच चुकत, ते असो.

आमचे खरे बाहेरचे जेवण म्हणजे रोडगे. मारुतीचा नवस फेडायला सगळे कुटुंब बैलगाडीने शेतात जायचे. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारे झाले की त्यात कणकेचे गोळे पुरायचे, भाजले की राख झटकायची, फोडून वर तूप आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पिझ्झादेखील मुळात नेपल्सच्या गरिबांचे असेच भट्टीतले खाणे. तिथल्या पिझ्झा भाजणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली वारशाच्या यादीत बसवले. रोडग्यांचा नंबर लागेल तेव्हा लागेल.

आमच्या गावी रोडगे पुरुषच भाजत. मला लहानपणी त्याचा मोठा अभिमान होता. पण पंगत? ती आधी पुरुषांची, मग पोरांची, मग बायांची. बायांची पाने मांडेपर्यंत फडक्याखालचे रोडगे गार होऊन गेलेले असत. हे तेव्हाही मी पाहत होतोच. पाहत होतो, एवढेच.

पिझ्झा आला. वर ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, पनीर, आणि चीज अजून बुडबुडत होते. सौभाग्यवतींनी सवयीने ताबा घेतला. मुलाला वाढले, मला वाढले, नातीला, सुनेला. मग हात मांडीवर ठेवून बसल्या.

"आई, तुम्ही घ्या ना."

"खा तुम्ही. मी मागून खाईन."

"आजी, मागून म्हणजे कधी?" नात म्हणाली. "इथे मागून काही नसतं. गार झाला की हा रबर होतो." आणि तिने आपल्या ताटलीतला तुकडा आजीच्या हातावरच ठेवला.

आजीने घास घेतला. चीजची तार हनुवटीपर्यंत ताणली, जीभ पोळली. "बाई गं, किती गरम!" म्हणून ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

माझा हात तिथेच थांबला. आमचे लग्न १९८६ चे. भाकरी तव्यावरून उतरते ती टम्म फुगलेली थेट माझ्या ताटात पडते, आणि तिची भाकरी शेवटची, गॅस बंद झाल्यावरची. अडतीस वर्षे, दिवसाला दोन जेवणे. बदल्यांच्या काळातली खानावळ वजा केली तरी पंचवीस हजारांच्या खाली हिशेब येत नाही. तिला गरम घास खाताना पाहिल्याचे मला एकदाही आठवेना.

तिचे मात्र परीक्षण चालू होते. सोबत आलेली मिरचीच्या बियांची पुडी तिने उलटीपालटी केली. "हे बी तर आपण कुटताना फेकतो. इथं त्याची पुडी करतात होय!" पोरगा काउंटरमागे हसला. बिल सातशे चाळीस झाले. मी दोनदा बेरीज केली, बरोबर होती.

दोन तुकडे उरले, ते खोक्यात घालून घरी आणले.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास स्वयंपाकघरात डोकावलो. तव्यावर ज्वारीची भाकरी होती आणि ती ओट्यापाशी उभी राहून कालचा तुकडा खात होती, गार.

"अगं, गरम तरी करून घ्यायचा."

"तव्यावर तुमची भाकरी आहे ना," ती म्हणाली. "बसा आता. फुगली बघा."

मी बसलो.