घर सांभाळताना – लेखांक ७ : पाणी मुरतंय कुठे?

ओल असलेल्या भिंतीला रंग लावू नका, एवढं सांगून गेल्या आठवड्यात रंगकामाचा विषय संपवला होता. ती ओल येते कुठून आणि थांबवायची कशी, हे आज बघू. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा. मुंबईत पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. कोकणात तो त्याच्याही आधी उतरतो. एप्रिल अर्धा सरला आहे, म्हणजे गच्चीचं काम काढायचं असेल तर हाताशी जेमतेम सात-आठ आठवडे उरलेत.

आपल्याकडे गळती दिसली की पहिला फोन जातो वॉटरप्रूफिंगवाल्याला. तो येतो, डागाकडे बघतो, गच्चीवर किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये एक चक्कर मारतो आणि चौरस फुटाचा दर सांगतो. पैसे वाया जायला सुरुवात होते ती इथे. दर सांगण्याआधी त्यानं पाणी कुठून शिरतंय हे सांगायला हवं, आणि ते त्याला कशावरून कळलं तेही. ज्याला हे सांगता येत नाही त्याला काम देऊ नये, मग त्याच्याकडचं केमिकल कितीही नावाजलेल्या कंपनीचं असो.

कारण डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असेल असं नाही. गच्चीच्या कठड्याजवळच्या फटीतून आत गेलेलं पाणी कोब्याखाली, स्लॅबच्या अंगावरून पसरत जातं आणि वाट मिळेल तिथे खाली उतरतं. ही वाट पुष्कळदा विजेच्या पाइपची असते. स्लॅब ओततानाच वायरिंगचे पाइप त्यात टाकलेले असतात. पाणी त्यात शिरलं की थेट दिवाणखान्याच्या मधोमध, पंख्याच्या हुकाशी टपकायला लागतं. (असं झालं तर आधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा, बादली नंतर आणा.) आता त्या हुकाभोवती कितीही पुट्टी भरली तरी कठड्याजवळची फट उघडीच राहते. पाणी स्लॅबमध्ये मुरत राहतं, आतल्या सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्या दाबानं काँक्रीट तडकतं आणि छताचे पोपडे सुटतात. म्हणून आतून ‘डॅम्पप्रूफ’ रंगाचे दोन हात मारून डाग झाकणं हा इलाज नव्हे. डाग काही महिने दिसत नाही, सळ्या मात्र गंजत राहतात.

पाण्याचा माग काढायला महागडी यंत्रं लागत नाहीत, बहुतेक वेळा एक वही पुरते. आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ डागाकडे बघायचं, त्याच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख टाकायची आणि लिहून ठेवायचं. दिवसरात्र सारखंच ठिबकत असेल, वरचे लोक गावाला गेले तरी थांबत नसेल, तर संशय पाण्याच्या लाइनवर. वरच्यांना मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवायला सांगा. सकाळी ठिबक थांबलेली किंवा मंदावलेली दिसली तर भिंतीतल्या पाइपला कुठेतरी भोक आहे. जुन्या जीआय पाइपांचं हे नेहमीचं दुखणं, कारण ते आतून गंजत येतात. सकाळच्या अंघोळी आटोपल्यावर तासा-दोन तासांनी ओल वाढत असेल, तर फरशी, नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. खाण्याचा रंग पाण्यात कालवून बाथरूमच्या फरशीवर सोडला आणि खाली त्याच रंगाचा थेंब आला, तर वाद मिटला. आणि पाऊस नसताना भिंत खडखडीत कोरडी राहत असेल, तर वरच्या बाथरूमकडे बोट दाखवायचं कारणच नाही.

ठाण्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली व्हायची. “काकू, तुमच्या बाथरूमचंच पाणी आहे हो,” असं खालच्यांनी म्हटल्यावर वरच्या काकूंनी शेजारधर्म म्हणून आपलं सगळं बाथरूम फोडून नव्यानं करून घेतलं. पुढच्या पावसात ओल पुन्हा तिथेच. शेवटी पराती बांधून बाहेरून बघितलं, तेव्हा बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात त्या ओळीत प्लास्टरला आडवी भेग गेलेली दिसली, नखाच्या जाडीची आणि चांगली चार-पाच फूट लांब. काँक्रीट आणि वीट ऊन-थंडीत सारखी हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सांध्यावर प्लास्टर करताना जाळी मारावी लागते. ती मारलेली नव्हती. आपल्या किनारपट्टीवरचा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर तासन्‌तास मारा करतो, तेव्हा एवढी भेग पुरते. भेग कोरून, पॉलिमर मॉर्टरनं भरून, वर जाळी आणि प्लास्टर केल्यावर भिंत कोरडी झाली. काकूंचा खर्च मात्र गेला तो गेलाच.

तळमजल्यावरच्या जुन्या घरांत ओल जमिनीतून वर चढते. भिंतीवर गुडघ्या-कमरेच्या उंचीला एक आडवी कड दिसते, तिथे लोणा लागतो, प्लास्टर हाताला भुसभुशीत लागतं. त्यावर गच्ची किंवा बाथरूम दुरुस्त करून काहीही होणार नाही. तो वेगळा विषय आहे, पुढे कधीतरी घेऊ.

बाथरूमच्या गळतीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. फरशी ॲसिडनं धुणं थांबवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निघावेत म्हणून दर महिन्याला ॲसिड ओतणारी घरं मी कितीतरी बघितली आहेत. डाग निघतात ते ॲसिड क्षार खातं म्हणून, आणि तेच ॲसिड टाइलांच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. ओणवं होऊन सांध्यावरून नख फिरवून बघा. नख आत रुतलं, वाळूसारखे कण हाताला लागले, तर सांधा गेलेला आहे. तिथून पाणी खालच्या भरावात उतरतं. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बऱ्याच ठिकाणी खोलगट टाकून वीट-तुकड्यांनी भरलेला असतो. एकदा त्यात पाणी साठलं की ते महिनोन्‌महिने झिरपत राहतं. वेळीच लक्ष गेलं तर सगळे सांधे कोरून त्यात इपॉक्सी ग्राउट भरणं आणि नहाणी ट्रॅपच्या कडेची जागा नीट बंद करणं एवढ्यावर भागतं. हे काम हात स्थिर असलेला माणूस घरच्या घरी दोन सुट्ट्यांत करू शकतो. मात्र आधी बाथरूम तीन-चार दिवस पूर्ण कोरडं ठेवायला हवं. ओल्या सांध्यात इपॉक्सी धरत नाही. हा साधा उपाय करून बघितल्याशिवाय तोडफोडीला हो म्हणू नका.

आता गच्ची. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला शाकारणी ठाऊक असते. वैशाखात माणूस छपरावर चढायचा, फुटकी कौलं बदलायचा, पालापाचोळा काढायचा. दरवर्षी, न चुकता. स्लॅब आला आणि छताची दरवर्षीची देखभाल संपली असं आपण धरून चाललो. ते खरं नाही. उन्हात तापून आणि पावसात भिजून गच्चीचा कोबा दरवर्षी थोडा थोडा तडकतो, आणि मार्च ते मेमधली एक फेरी त्यालाही लागतेच. पावसाळी पाइपांच्या तोंडाशी साठलेली माती काढायची. कठडा आणि गच्ची मिळते तिथली गोलाई फुटली आहे का ते बघायचं, कारण निम्म्याहून अधिक भानगडी या सांध्यातच असतात. टाकीचे पाय, डिशचे खांब, सोलरच्या चौकटी जिथे बोल्ट मारून बसवल्या आहेत तिथे खास लक्ष द्यायचं. कोब्यात ड्रिलनं पाडलेलं एक भोक सगळं वॉटरप्रूफिंग निकामी करू शकतं.

हातोडीच्या दांड्यानं कोब्यावर ठोकत गेलं की पोकळ जागा आवाजावरून कळते. पोकळ भाग थोडाच असेल तर तेवढाच काढून भरता येतो. सगळी गच्चीच पोकळ वाजत असेल तर जुना कोबा काढून नवा करावा लागतो, आणि इथे कंत्राटदार हमखास सोपी वाट सुचवतो : जुना राहू दे, त्यावरच नवा टाकू, राडारोडा उचलायचा खर्च वाचेल. याला ठाम नकार द्या. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सरासरी साडेचार इंचांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा म्हणजे वीस टनांच्या आसपास वजन. इमारतीच्या हिशेबात ते एकदाच धरलेलं असतं. मी तीन-तीन थर चढवलेल्या गच्च्या बघितल्या आहेत, आणि त्याखालच्या बीमना गेलेल्या भेगाही. जुना कोबा काढतानाही ब्रेकर मशीन लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीनं काढायला लावा. धक्क्यांनी जुना स्लॅब खिळखिळा होतो.

नव्या कोब्याला ढाळ किमान शंभराला एक हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच उतार. गवंडी नजरेनं ढाळ काढतो म्हणाला तरी दोरी आणि लेव्हल पाइप लावायला सांगा. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाणी मारण्याकडे. कोबा झाल्यावर निदान सात दिवस त्यावर पाणी साठलेलं राहिलं पाहिजे, दहा दिवस राहिलं तर उत्तमच. एप्रिल-मेच्या उन्हात कोबा काही तासांत सुकतो आणि नेमकी तेव्हाच सोसायटीत पाणीकपात असते, टँकर मागवावे लागतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी मारणं बंद होतं, आणि आठवड्यात केसासारख्या भेगा उमटतात. त्यामुळे टँकरचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरा. खरं विचाराल तर गच्चीचं काम दिवाळीनंतर काढावं. ऊन सौम्य असतं, टाकीत पाणी असतं, गवंडी घाईत नसतो आणि नुकत्याच संपलेल्या पावसानं कुठे गळतं ते दाखवलेलं असतं.

काम झालं की चाचणी. गच्ची असो वा बाथरूम, पाणी जायच्या जागा बंद करायच्या, दोन इंच पाणी भरायचं, कडेला पेन्सिलीनं खूण करायची आणि अठ्ठेचाळीस तास खालच्या खोलीतून छताकडे लक्ष ठेवायचं. बाथरूममध्ये ही चाचणी दोनदा हवी : एकदा वॉटरप्रूफिंगचा थर झाल्यावर, टाइल बसवण्याआधी, आणि पुन्हा टाइल झाल्यावर. पहिल्या चाचणीत गळती सापडली तर दुरुस्ती काही तासांची. टाइल बसल्यावर सापडली तर सगळं पुन्हा फोडा. गच्ची फार जुनी असेल तर पाणी भरण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा, कारण दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलोचा भार.

‘दहा वर्षांची गॅरंटी’ स्टँप पेपरवर लिहून मिळते आणि लोकांना तिचा मोठा आधार वाटतो. मला त्यापेक्षा हातात राखलेल्या पैशांचा भरवसा वाटतो. करारात लिहून घ्या की पैसे टप्प्यांनी मिळतील, एक मोठा हप्ता चाचणी पार पडल्यावरच, आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा कोरडा गेल्यावर. जुना कोबा किती जाडीचा काढणार, राडारोडा कोण उचलणार, कुठलं उत्पादन किती हातांत लावणार, हेही त्यातच. डबे आणि पिशव्या आपल्या समोर फोडायला सांगा आणि झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक थराचे फोटो काढून ठेवा. चांगल्या कंत्राटदाराला याचा राग येत नाही.

खर्च कुणाचा, यावरून सोसायट्यांत माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. गच्ची, कठडे, बाहेरच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी यांची दुरुस्ती संस्थेनं संस्थेच्या पैशानं करायची. गच्चीतून पाणी येऊन सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेही संस्थेनंच करून द्यायचं. ‘तुमच्या घरात गळतंय, तुम्ही बघा’ असं वरच्या मजल्यावरच्या सभासदाला सांगता येत नाही. फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-सिंकची गळती मात्र त्या सभासदाच्या खर्चानं. आणि इमारत नवी असेल तर रेरा कायदा विसरू नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लेखी कळवला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. फोनवरच्या तक्रारीचा पुरावा राहत नाही. पत्र किंवा ईमेल करा, पोच ठेवा, फोटोंवर तारखा असू द्या.

पुढच्या आठवड्यात घरातलं वायरिंग आणि अर्थिंग घेऊ. तोवर येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, सोसायटीच्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन गच्चीवर जा. पावसाळी पाइपांची तोंडं साफ करा, कठड्याच्या कडेनं एक फेरी मारा, पोकळ जागा खडूनं आखा आणि त्या खुणांचे फोटो त्याच दिवशी समितीला लेखी पत्रासोबत द्या.