पोळी काढली म्हणजे गहू गेला का?

माझ्या धाकट्या बहिणीला सीलिअ‍ॅक विकार असल्याचे निदान झाले त्याला आता सहा वर्षे होत आली, आणि या सहा वर्षांत तिला बरोबर घेऊन पुण्यातल्या ज्या ज्या भोजनगृहात आम्ही गेलो तेथे, गल्ल्यावरच्या मालकांपासून वाढप्यापर्यंत आणि आमच्याच आप्तेष्टांपासून शेजारच्या टेबलावरील सहृदय गृहस्थांपर्यंत, एकच वाक्य इतक्या वेळा ऐकावे लागले आहे, की त्याचा एकदा सविस्तर खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. "ताईंना पोळी नको ना? मग बाकी सगळं चालेल!"

नाही, चालत नाही. गेल्याच महिन्यात आम्ही आधी बजावून सांगितले असतानाही थाळी आली ती दोन पोळ्यांसह. चूक दाखविताच वाढप्याने तत्परतेने पोळ्या उचलल्या आणि त्याच ताटात, त्याच जागी, ज्वारीची भाकरी आणून ठेवली. पोळीची कोरडी पिठी भाताच्या मुदीवर आणि कोशिंबिरीच्या कडेला अजून पांढरी दिसत होती. त्या मुलाच्या सद्हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ते ताट बहिणीने तसेच दूर सारले, आणि तिने तसे का केले हे टेबलाभोवतीच्या कोणालाही उमगले नाही, याचा मला विषाद वाटतो.

ग्लूटेन हे गहू, सातू आणि राय या धान्यांत असणारे प्रथिन होय. सीलिअ‍ॅक विकारात ते पोटात गेले, की शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. सबब प्रश्न पोळीचा नसून गव्हाचा आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात गहू पोळीखेरीज किती नावांनी वावरतो याची मोजदाद कोणी करीत नाही. रवा हा गव्हाचाच, म्हणून उपमा, शिरा आणि रवा डोसा वर्ज्य, तरीही "रव्यात कुठे गहू असतो?" असे मला सुशिक्षित माणसांनी विचारलेले आहे. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतोच. सोया सॉसमध्येही तो सहसा असतो, म्हणून चायनीजच्या गाडीवरचा भातही बेलाशक खाता येत नाही. आणि सर्वांत फसवा हिंग! मूळचा हिंग म्हणजे एका झाडाचा डीक, त्यात ग्लूटेन नाही. परंतु बाजारात डबीतून मिळतो तो बांधणी हिंग, आणि त्यात पुष्कळदा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. म्हणजे ज्या वरणभाताला आपण आजाऱ्याचे अन्न मानतो, त्याच्या फोडणीतूनच गहू ताटात उतरू शकतो.

भाकरीची गोष्ट तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणूनच तिच्या पिठाला कणकेसारखा ताण येत नाही. गरम पाण्यात मळून ते हाताने थापावे लागते ते याच कारणाने. हे कौशल्य ज्यास साधत नाही असा आचारी भाकरी चिरू नये म्हणून पिठात मूठभर कणीक मिसळतो, आणि विचारल्यावर प्रामाणिकपणे "ज्वारीचीच आहे" असे सांगतो. पीठ शुद्ध असले तरी ते ज्या गिरणीतून आले तेथे आधी गहू दळला होता का, आणि भाकरी ज्या तव्यावर पडली त्यावर आधी पोळी भाजली होती का, याची खातरजमा उरतेच.

"पण इतक्याशाने काय होतंय?" येथे मात्र माझा धीर सुटतो. कार्लो कातासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज अवघे ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेल्यास अशा रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचू शकते असे आढळले. एका मध्यम पोळीत ग्लूटेन असते अडीच-तीन ग्रॅम. म्हणजे हा पोळीचा पन्नासावा-साठावा हिस्सा, एक कोपराही नव्हे. ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थास आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे, ती उगीच नव्हे. उपवासाच्या खिचडीसाठी वेगळी कढई मागितली, अथवा शाकाहारी माणसाने मटणाच्या रश्श्यातला डाव आपल्या आमटीत नको म्हटले, तर तेथे "इतक्याशाने काय होतंय" असे कोणीही म्हणत नाही. श्रद्धेसाठी जी काळजी आपण विनातक्रार घेतो, तीच आजारासाठी घेण्यास हरकत कोणती?

इतर समजुतींचा समाचार थोडक्यात घेता येईल. खपली हा गहूच आहे, आणि त्यात ग्लूटेन आहे. तळल्याने वा भाजल्याने ग्लूटेन नाहीसे होत नाही, म्हणून समोशाच्या तेलात तळलेला साबुदाणा वडाही बाद. खाऊन लगेच त्रास झाला नाही, याचा अर्थ आतड्याला इजा झाली नाही असा नव्हे. आणि हे आजकालचे खूळ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की विलेम डिक्के या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा आणि या विकाराचा संबंध आपल्या प्रबंधात मांडला तो १९५० साली.

बाहेर जेवण्याचा मार्ग बंद आहे असे मात्र नाही. तांदळाचे घावन, आंबोळी, वरीचे तांदूळ, नाचणीची भाकरी अशी आपली संपत्ती मोठी आहे. दिवाळीनंतर कोकणात एका घरगुती खानावळीत आम्ही उतरलो असता, तेथील काकूंनी आमची सारी कैफियत ऐकून घेतली, तवा राखेने घासून घेतला, आणि आत जाऊन हिंगाची डबी आणून बहिणीच्या हातावर ठेवली. तिने ती उजेडाकडे फिरवून बारीक अक्षरांतील घटक वाचले: गव्हाचे पीठ. काकूंनी डबी परत घेतली, स्वतः डोळ्यांजवळ धरून एकवार पाहिली आणि म्हणाल्या, "बरं झालं वाचलंस बाई. आज नुसती जिऱ्याची फोडणी घालते."