क्लिकसोबत दाबलेली कळ

फाइलींच्या यादीत एका नावावर क्लिक केलं की तेवढीच फाइल निवडली जाते. कंट्रोल दाबून दुसऱ्या नावावर क्लिक केलं तर तिची भर पडते, शिफ्ट दाबून केलं तर मधल्या सगळ्या फाइली येतात. माऊसचं बटण तेच, मग प्रोग्रामला फरक कळतो कसा?

नव्या प्रोग्रामरला सुचतं ते असं: कळ दाबली की एका व्हेरिएबलमध्ये नोंद करायची, सोडली की पुसायची आणि क्लिकच्या वेळी ती नोंद पाहायची. हे फसतं. वापरणारा ऑल्ट आणि टॅब दाबून दुसऱ्या खिडकीत गेला आणि ऑल्ट तिथे सोडली, तर सोडल्याची खबर आपल्यापर्यंत येतच नाही. नोंद तशीच राहते आणि परतल्यावर त्याचा साधा क्लिकही ऑल्ट-क्लिक ठरतो.

खरं तर हा हिशेब आपण ठेवायचाच नसतो. पत्रावर टपालाचा शिक्का असावा, तशी कळांची स्थिती प्रत्येक क्लिकवर उमटलेली असते. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये क्लिकच्या इव्हेंटवर 'शिफ्ट-की', 'कंट्रोल-की', 'ऑल्ट-की' आणि 'मेटा-की' असे चार गुणधर्म असतात. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही.

विंडोजचा मूळ संदेश जरा जुन्या वळणाचा. त्यात सगळं एकाच आकड्यात येतं: डावं बटण 1, शिफ्ट 4, कंट्रोल 8. म्हणून कंट्रोल धरून डावा क्लिक केला की 9 मिळतात, शिफ्टही असेल तर 13. आकडा 8 आहे का, ही तपासणी इथे कधीच खरी ठरणार नाही. बिटवाइज अँड वापरून 8 चा बिट तेवढा पाहायचा. ऑल्ट मात्र या आकड्यात नसते. तिच्यासाठी 'गेट-की-स्टेट' वापरावं, कारण ते हातातल्या संदेशाच्या वेळची स्थिती सांगतं. 'गेट-असिंक-की-स्टेट' या क्षणाची सांगतं. प्रोग्राम कामात असताना क्लिक रांगेत थांबला, तर तोवर बोट उचललेलं असू शकतं.

मॅकवर फाइल निवडीत भर घालायला कमांड लागते आणि ती 'मेटा-की'मध्ये दिसते. तिथे कंट्रोल-क्लिकने उजव्या क्लिकचा मेनू उघडतो. केवळ कंट्रोल तपासणारा कोड मॅकवाल्यांना निरुपयोगी आहे.

आणि एक कळकळीची विनंती. लिंकवरचा क्लिक स्वतः हाताळणार असाल, तर आधी या कळा तपासा. एखादी दाबलेली असेल, तर तो क्लिक ब्राउझरकडे जाऊ द्या. वाचकाला ती लिंक बहुधा नव्या टॅबमध्ये हवी असते.