आश्रय दिला, पुढे काय? विद्यार्थ्याच्या खोलीतील मांजर आणि आपली जीवदया

शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत राहणारी आपली मुले-मुली अलीकडे एक नवा प्रश्न घरी विचारू लागली आहेत. पावसाळ्यात जिन्याखाली ओरडणारे एखादे मांजराचे पिल्लू त्यांनी खोलीवर आणलेले असते. दोन-चार दिवस कौतुकात जातात आणि मग आईला फोन येतो, "मी मांजर पाळलंय. बरोबर केलं ना?" बहुतेक घरांतून याला दोनपैकी एक उत्तर मिळते. "पुण्याचं काम केलंस, दूध-पोळी घाल" हे एक, आणि "अभ्यास सोडून हे कशाला? दे सोडून कुठेतरी" हे दुसरे. दोन्ही उत्तरे मुलांच्या काळजीपोटीच येतात. परंतु पहिल्याने मांजराचे पोषण होत नाही आणि दुसऱ्याने त्याच्या जिवाला धोका होतो.

जीवाला आश्रय देणे ही जीवदयेची सुरुवात आहे. तिची पूर्तता पुढील बारा-पंधरा वर्षांच्या व्यवस्थेत असते, कारण घरात नीट सांभाळलेले मांजर सहज तेवढे जगते. विद्यार्थ्याच्या मनातील शंका म्हणूनच हसण्यावारी नेऊ नयेत. त्या शंका म्हणजे जबाबदारीची जाणीव आहे. तिला योग्य माहितीची जोड मिळाली पाहिजे.

पहिल्या आठवड्यातील घालमेल

आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील मुलगी पुण्यात सी.ए.ची आर्टिकलशिप करते. तिने आणलेले मांजर तीन दिवस कपाटामागे बसून होते. रात्री बाहेर येऊन चार घास खाई आणि पुन्हा लपे. "मी त्याला कैदेत तर टाकलं नाही ना?" या विचाराने तिला झोप लागेना. अभ्यास मागे पडला, त्याची टोचणी वेगळीच.

मांजराच्या स्वभावाची ओळख असली की ही घालमेल पुष्कळशी कमी होते. मांजर माणसापेक्षाही जागेला अधिक धरून असते. नव्या घरातील वास आणि आवाज अंगवळणी पडेपर्यंत ते लपून राहते, आणि यास काही दिवस, क्वचित काही आठवडेही लागतात. त्याला ओढून बाहेर काढू नये. एका शांत कोपऱ्यात पाणी, अन्न आणि तेथून थोडे दूर शी-शूसाठी मातीचा ट्रे ठेवावा. बाकीचे काम त्याच्या कुतूहलावर सोपवावे. मांजर रात्री जागे असते, तेव्हा झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे त्याच्याशी खेळून मग त्याला खायला दिले तर दोघांचीही रात्र बरी जाते.

मात्र तीन लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. लहान पिल्लू एक दिवस किंवा मोठे मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. बोका लघवीसाठी वारंवार बसतो आणि थेंबही येत नाही, अशी स्थिती असेल तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. तसेच वारंवार उलट्या-जुलाब होऊन पिल्लू मलूल पडले तर घरगुती उपाय करत बसू नये.

दूध-पोळीवर मांजर जगते का?

जैन घरातील खरा पेच अन्नाचा आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळी भुसार मालाच्या प्रत्येक वखारीत एखादे मांजर असेच. सकाळी त्याला वाटीभर दूध मिळे, उरलेली पोळी मिळे आणि ते धष्टपुष्ट दिसे. त्यावरून मांजर दूध-पोळीवर पोसते अशी आपली समजूत झाली. दूध आपण घालत होतो हे खरे. परंतु त्याचे पोट भरत होते ते रात्री पोत्यांच्या थप्पीमागे. तिथले उंदीर आपल्या हिशेबात कधी धरले गेले नाहीत.

चौथ्या मजल्यावरील बंद सदनिकेत ती वखार नसते. तिथे दूध-पोळी हाच पूर्ण आहार ठरतो आणि मांजराचे शरीर त्यावर चालत नाही. मांजर हे शरीररचनेनेच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे आवश्यक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि ते वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. ते मिळाले नाही तर डोळ्यांचा पडदा क्षीण होऊन मांजर आंधळे होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. त्याच अभावाने हृदयाचे स्नायू सैल पडून मृत्यू ओढवतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. गाजर-भोपळ्यातील रंगद्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. मांजराला तेही साधत नाही. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना गाईचे दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात.

आपल्या स्वयंपाकघराची एक गोष्ट मात्र मांजराच्या पथ्यावर पडते. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात; ते पदार्थ आपल्याकडे मुळातच वर्ज्य आहेत. पॅरासिटामॉलची गोळी मात्र मांजराला कधीही देऊ नये. माणसाचा ताप उतरवणारी एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. फुलदाणीतील लिलीची फुले आणि पाने त्याच्या मूत्रपिंडांना तितकीच घातक आहेत.

शास्त्रदृष्टी आणि आपल्यापुढील मार्ग

हा पेच आपल्या पूर्वसूरींना अपरिचित नव्हता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांना आपण कर्मादाने म्हणतो. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात त्यांतील असतीपोषणाचे विवरण केले आहे. पोपट, मैना, कुत्रा, कोंबडा, मोर यांच्याबरोबर तेथे मांजराचाही उल्लेख आहे. आचार्यांनी त्यात द्रव्यप्राप्तीसाठी केलेले पोषण असा स्पष्ट निर्देश केला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कमाईसाठी प्राणी पोसणे आणि जिन्याखाली भिजणाऱ्या जीवाला वाचवणे या एकच गोष्टी नव्हेत. तथापि वाचवलेल्या जीवासाठी दुसऱ्या जीवाच्या हिंसेला निमित्त व्हावे का, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे जैन धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे शाकाहारी पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार, ससाणा यांसारख्या शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, परंतु त्यांना मुक्कामी ठेवून घेत नाहीत. उपचार नाकारले नाहीत आणि आपला नियमही मोडला नाही. विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना या व्यवस्थेतून बरेच शिकता येईल.

मांजरापुरते पाहता तीन प्रामाणिक मार्ग दिसतात. पहिला, मांजरासाठी बनवलेले तयार संतुलित खाद्य वापरणे. हे खाद्य बहुधा सामिष असते. तेव्हा ते कुटुंबाच्या स्वयंपाकघरात न आणता, भांडी वेगळी ठेवून आणि वडीलधाऱ्यांशी आधी स्पष्ट बोलून मगच हा मार्ग स्वीकारावा. दुसरा, कृत्रिमरीत्या तयार केलेले टॉरिन व इतर आवश्यक घटक मिसळलेले पूर्ण वनस्पतिजन्य खाद्य. याबाबत बहुतेक पशुवैद्य सावध असतात. अशा आहाराने मूत्र अल्कधर्मी होऊन खडे होण्याचा संभव असतो, म्हणून लघवी, हृदय व डोळे यांची नियमित तपासणी करण्याची तयारी असेल तरच हा विचार करावा. तिसरा, आपल्या व्रतात यांपैकी काहीच बसत नसेल तर मांजरावर उपचार करावेत, त्याला लस द्यावी, त्याचा खर्च उचलावा आणि त्याला नीट सांभाळू शकेल अशा घरी सोपवावे. आपापल्या गुरुजनांचा विचार घेऊन प्रत्येक कुटुंबाने आपला मार्ग निवडावा.

या तिन्हींत न बसणारा एक चौथा मार्ग मात्र सर्रास दिसतो. मांजर ठेवायचे आणि त्याला वरण-भातावर अर्धपोटी जगवायचे, हा तो मार्ग. आपला नियम पाळल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि त्याचे मोल त्या मुक्या जीवाचे डोळे व हृदय चुकवतात. या मार्गाला जीवदया म्हणता येणार नाही.

लस आणि शस्त्रक्रिया

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की मांजरांच्या साथीच्या रोगांवरील लस सुरू होते आणि पशुवैद्याने सांगितलेल्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. साधारण तीन महिन्यांनंतर रेबीजची लस देतात. मांजरापासूनही रेबीज होऊ शकतो. त्यामुळे चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद-चुना लावून बसू नये.

नसबंदीच्या शस्त्रक्रियेविषयी अनेक घरांत संकोच असतो. निसर्गक्रमात आपण ढवळाढवळ का करावी, असे मनात येते. त्यासोबत हेही पाहावे: मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि वर्षातून अनेकदा विऊ शकते. त्या सर्व पिल्लांना घर मिळत नाही. पुष्कळ पिल्ले रस्त्यावर भुकेने, रोगाने आणि वाहनांखाली मरतात. एका शस्त्रक्रियेने एवढे दुःख टळत असेल तर तिचा विचार शांतपणे करायला हवा.

वेळ, पैसा आणि घरमालक

व्यापारी घरातील मुलाला हे सांगण्याची गरज नसावी की भांडवल पाहिल्याशिवाय व्यवहार हाती घेऊ नये. खाद्य, माती, लस, शस्त्रक्रिया यांचा वर्षाचा अंदाज कागदावर मांडावा आणि आजारपणासाठी थोडी रक्कम वेगळी ठेवावी. घरून येणाऱ्या पैशांतून हा खर्च होणार असेल तर तो वडिलांना सांगूनच व्हावा. वहीत न लिहिलेला खर्च पुढे घरात वादाचे कारण होतो.

भाड्याच्या घरात मालकाची संमती लेखी घ्यावी. सोबत राहणाऱ्यांना विचारावे. मांजराच्या लाळेतील प्रथिनामुळे काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसवावी, कारण पक्ष्यामागे झेपावताना मांजर उंचावरून पडते. परीक्षा, पर्युषण आणि दिवाळीची सुट्टी या तीन काळांत मांजराकडे कोण पाहणार, हे आधीच ठरवावे. त्याला वाटीभर खाद्य ठेवून आठवडाभर कोंडून जाणे चालणार नाही.

सोपवणे वेगळे, सोडून देणे वेगळे

इतके करूनही कधी जमत नाही. नोकरी परगावी लागते, विवाह ठरतो, घरातील कोणाचा दमा वाढतो. अशा वेळी योग्य घर शोधून, लसीच्या नोंदींसह मांजर तेथे सोपवण्यात कमीपणा नाही. नव्या घरातील माणसांना त्याच्या सवयी सांगाव्यात आणि काही दिवस चौकशी करत राहावे. त्याला बाजारात, मंदिराच्या आवारात किंवा गावाबाहेर सोडून येणे मात्र सर्वस्वी निराळे आहे. प्राण्याला भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजराला शिकार साधत नाही, अनोळखी मांजरे त्याला टिकू देत नाहीत. "जगेल कुठेही" ही केवळ आपली सोय असते.

१८३४ मध्ये मुंबईच्या भुलेश्वरात पांजरापोळ स्थापन झाली, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह शहरातील व्यापारी पुढे आले होते. त्यांनी केवळ कळवळा व्यक्त केला नाही. जागा, चारा, माणसे आणि पुढील खर्चाची तरतूद यांचा विचार केला. म्हणूनच ती संस्था आजही उभी आहे. तोच विचार आपल्या मुलांच्या एका खोलीला आणि एका मांजराला लागू पडतो.

तेव्हा मुलाचा किंवा मुलीचा असा फोन आला तर पालकांनी शाबासकी अथवा रागावणे क्षणभर बाजूला ठेवावे आणि चार प्रश्न विचारावेत. ते खाणार काय? आजारी पडले तर कोणत्या दवाखान्यात नेशील? तू नसशील तेव्हा कोण पाहील? आणि तुला ठेवता आले नाही तर ते जाईल कुठे? चारही उत्तरे मिळाली तर आशीर्वाद द्यावा. एखादे उत्तर नसेल तर ते शोधायला मुलाला मदत करावी, आणि ते सापडेपर्यंत त्या जीवाला घराबाहेर काढू नये.