माळावरचा चर: पाणी किती अडले, गवत किती गेले?

सलग समतल चराचे नेहमीचे माप ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावते. उतारानुसार अंतर बदलते. पण दर पाच मीटरला एक चर धरला तर हेक्टरी २,००० मीटर चर आणि ३ लाख ६० हजार लिटर पाणी. म्हणजे ३६ मिलिमीटर पाऊस थेंबही न मुरता वाहिला, तरी तो तिथेच अडेल. बोडक्या डोंगरउतारावर हा हिशेब चोख आहे.

सोलापूर-अहिल्यानगरच्या माळावर मात्र खर्चाची बाजूही मांडायला हवी. ६० सेंटिमीटरचा चर, शेजारी तेवढाच रुंद भराव: हेक्टरी २,४०० चौरस मीटर, जवळपास २४ गुंठे गवत गेले. वीतभर मातीखालचा मुरूम वर येतो. पवन्या, मारवेल यांच्या मुळ्यांनी जी माती धरून ठेवली होती, तीच आपण मृदसंधारणाच्या नावाखाली उकरतो! वर भरावावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली, की माळाचा मोकळेपणाही संपला. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि त्याला दूरवरचे दिसावे लागते. काळवीटही धोका लांबून हेरून पळते.

हे अभयारण्यापुरते नाही. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरवर घोषित झालेले माळढोक अभयारण्य २०१२ मध्ये १,२२२ वर आले. काळविटांचे रेहेकुरी तर २.१७ चौरस किलोमीटरचे. प्राणी चरतात ते बहुतेक गायरानात आणि शेतात, तेव्हा गावाचा जलसंधारण आराखडा हाच त्यांचाही आराखडा ठरतो.

शेततळ्याचेही तेच. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, १:१ उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. प्लास्टिक अंथरले की पाणी टिकते, पण पाय घसरून पडलेल्या कोल्ह्याला वर यायला आधार उरत नाही. काठाला पक्का बांधून तळापर्यंत सोडलेला काथ्याचा जाड दोर किंवा जाळी एवढ्यावर त्याचा जीव वाचू शकतो.

पुढच्या शिवारफेरीत चांगल्या गवताचा माळ नकाशावर ‘पडीक’ म्हणून रंगवू नका. तिथले चर वगळा आणि तो निधी खालच्या ओढ्यावरच्या बांधांना, जुन्या तळ्यातला गाळ काढायला द्या.