खटला उभा करणारी माणसे
(शार्लट शहरातील एका लहान वकिली कचेरीची ओळख)

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला आहे, त्याला ती चढावीच लागते. मग पहिला प्रश्न उभा राहतो तो कायद्याच्या कलमाचा नसतो, तर आपले वकीलपत्र घेणार कोण, हा असतो. हा प्रश्न एका कुटुंबापुढे कसा आला आणि त्यातून पुढे काय घडले, हे आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांला वाटते.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात माउंट गिलियड नावाचे लहान गाव आहे. तेथे विल्यम चेंबर्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवीत. १९४८ च्या सुमारास एका गोऱ्या ग्राहकाने ट्रकच्या दुरुस्तीचे सुमारे २,००० डॉलरचे बिल बुडवले. चेंबर्स गावातील गोऱ्या वकिलांकडे गेले. एकानेही काम घेतले नाही. मुलाला चांगल्या निवासी शाळेत घालण्यासाठी जमवलेले पैसे त्यात गेले. त्या मुलाचे नाव ज्युलियस. आपण वकील व्हायचे, हे त्याने तेव्हाच ठरवले.

ज्युलियस चेंबर्स यांनी प्रथम इतिहास विषय घेऊन पदवी मिळवली आणि नंतर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. १९६२ साली ते वर्गात पहिले आले. विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकाचे संपादकपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होत. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले. पूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे विद्यापीठ. लीगल डिफेन्स फंड या संस्थेत उमेदवारी करून १९६४ साली त्यांनी शार्लट शहरात स्वतःची कचेरी उघडली.

पुढील काही वर्षांत या कचेरीत निरनिराळ्या थरांतील माणसे आली. जेम्स फर्ग्युसन हे ॲशव्हिल गावचे. शाळेत असतानाच त्यांनी वर्णभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांची संघटना उभारण्यात भाग घेतला होता. तेही कोलंबियाचेच कायद्याचे पदवीधर. ॲडम स्टाइन हे गोरे. विद्यार्थिदशेत चेंबर्स यांच्याकडे उमेदवारी केलेले. काळे आणि गोरे वकील भागीदार म्हणून एकत्र काम करीत असलेली ही नॉर्थ कॅरोलिनातील पहिली कचेरी होय. १९७१ मध्ये आलेले मेल वॉट पुढे अमेरिकेच्या संसदेचे सदस्य झाले.

आता या मंडळींचे काम नेमके काय होते, ते पाहू. सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवाद वर्तमानपत्रात छापून येतो, म्हणून आपल्याला तोच मोठा वाटतो. परंतु वरचे न्यायालय सहसा नव्याने साक्षीदार तपासत नाही. खालच्या कोर्टात जे कागदावर आले, त्याच आधारावर ते निर्णय देते. म्हणून साक्षीदार शोधणे, त्याला धीर देणे, विरुद्ध पक्षाकडून दप्तर मागवणे, उलटतपासणी घेणे, ही कामे ज्याने नीट केली त्याच्या हाती खटल्याचा पाया असतो. बँकेत कारकुनी करणाऱ्या आम्हांला हे लवकर पटते. ज्याची नोंद नाही, ते कितीही खरे असले तरी हिशेबात धरता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या डॅन रिव्हर केंद्रात १४ कृष्णवर्णीय कामगार होते. त्यांना फक्त मजूर खात्यात ठेवले जाई. त्या खात्यातील सर्वांत मोठा पगार इतर खात्यांतील सर्वांत लहान पगाराहून कमी होता. नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा २ जुलै १९६५ रोजी अमलात आला. त्याच दिवशी कंपनीने चांगल्या खात्यांतील नेमणुकीसाठी हायस्कूलच्या प्रमाणपत्राच्या जोडीला बुद्धिमापन चाचण्यांचीही अट घातली. अट सर्वांना सारखीच, असे कंपनीचे म्हणणे. विली ग्रिग्ज यांच्यासह १३ कामगार कोर्टात गेले. लीगल डिफेन्स फंडाच्या वकिलांबरोबर चेंबर्स यांच्या कचेरीने काम पाहिले.

त्यांनी आकडे पुढे आणले. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी हायस्कूल पूर्ण केले होते, कृष्णवर्णीयांपैकी फक्त १२ टक्क्यांनी. शिवाय प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार त्याच खात्यांत उत्तम काम करीत होते. मग कामासाठी प्रमाणपत्राची गरज काय? खालच्या कोर्टात कामगार हरले. परंतु पुरावा दप्तरात आलेला होता. मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की दिसायला समान असलेली अट कामाशी संबंधित नसेल आणि एका वर्गाला बाहेर ठेवीत असेल, तर ती बेकायदेशीर आहे.

दुसरा खटला शाळांचा. डॅरियस स्वान हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक भारतात काही वर्षे काम करून १९६४ मध्ये शार्लटला परतले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला, जेम्सला, जवळच्या मिश्र शाळेत जागा नाकारण्यात आली. जानेवारी १९६५ मध्ये चेंबर्स यांनी दावा लावला. सहा वर्षांनी, एप्रिल १९७१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुलांना बसने मिश्र शाळांत पोहोचवण्याचा खालच्या कोर्टाचा आदेश कायम केला. १९९९ मध्ये न्यायालयानेच ती व्यवस्था उठवली, हेही सांगितले पाहिजे. मिळालेला हक्क राखण्यासाठी पुढच्या पिढीलाही कोर्टात उभे राहावे लागते.

या कामाची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी १९६५ मध्ये न्यू बर्न येथे चेंबर्स सभेत बोलत असताना बाहेर त्यांची मोटार बॉम्बने उडवली गेली. त्यांनी ते पाहिले आणि परत येऊन भाषण पूर्ण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घरावर बॉम्ब पडला. फेब्रुवारी १९७१ मध्ये कचेरी पेटवण्यात आली. काम थांबले नाही.

फर्ग्युसन यांची चिकाटीही अशीच. १९७२ मध्ये विल्मिंग्टन येथील दहा जणांना जाळपोळ प्रकरणी एकूण २८२ वर्षांच्या शिक्षा झाल्या. सरकारी साक्षीदाराचा सुधारित जबाब बचाव पक्षाला द्यावा, अशी मागणी फर्ग्युसन यांनी खटल्यातच केली होती. तो दिला गेला नाही. १९८० मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, त्यात हा न दिलेला जबाब एक प्रमुख कारण ठरला. आणि राज्यपालांनी निर्दोषत्वाची माफी जाहीर केली ती २०१२ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. तोवर दहांपैकी काही जण हयात नव्हते. चेंबर्सही पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, वारले.

बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांनीही जिल्ह्याच्या कोर्टांतील लहान लहान कामे घेतली होती, याची येथे आठवण होते. आज आमच्यातील बरेच विद्यार्थी एलएल.बी. होतात, आणि पुढे स्पर्धा परीक्षेकडे किंवा नोकरीकडे वळतात. घरची परिस्थिती पाहता त्यांना दोष देता येणार नाही. पहिली काही वर्षे ज्युनिअर वकिलाच्या हाती फार थोडे पैसे येतात, हे आम्ही जाणतो. तरीही दर पाचपंचवीस मुलांमागे एकाने तालुक्याच्या कोर्टात चांगल्या सीनियरकडे बसावे, फाइल वाचावी, साक्षीपुरावा शिकावा. आणि त्या एकाची पहिली तीन वर्षे निभावून नेण्याची जबाबदारी सभासदांनी वाटून घ्यावी. माउंट गिलियडच्या त्या गॅरेजवाल्यासारखा एखादा बाप आपल्याही गावी बुडालेले बिल हातात घेऊन हिंडत असेल. त्याचे वकीलपत्र घेणारा कोणीतरी असला पाहिजे.