बोलण्यानं बरं होतं, पण कुणाशी आणि कसं?

सातवीतला एखादा मुलगा जूनपासून नीट शाळेत येत असतो आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर येईनासा होतो. सकाळी उठलं की पोटात दुखतं, कधी उलटी होते, आणि शाळेची वेळ टळली की बरं वाटतं. डॉक्टर तपासतात, पोटात काही सापडत नाही. मग आई-वडील वर्गशिक्षकांकडे येतात : "सर, याला मानसोपचारासाठी न्या म्हणतायत. म्हणजे नक्की काय करतात? कुणाकडे न्यायचं?"

शिक्षक काही मानसोपचार करणारे नव्हेत. पण हा प्रश्न पहिल्यांदा आपल्याकडेच येतो, आणि आपण दिलेल्या उत्तरावर मुलाचं वर्ष अवलंबून असू शकतं. 'ताप आलाय, औषध द्या' एवढ्यानं भागत नाही. मलेरियाचं औषध वेगळं, टायफॉईडचं वेगळं. मानसोपचाराचंही तसंच आहे.

आधी एक गोष्ट मात्र नक्की करून घ्यायला हवी. 'लक्ष देत नाही' अशी तक्रार असलेल्या मुलाला कधी कधी कमी ऐकू येत असतं, कधी फळा दिसत नसतो, कधी वाचनातली विशिष्ट अडचण असते. फेफऱ्याचा एक प्रकार असा आहे की त्यात मूल पडत नाही, झटके येत नाहीत, फक्त काही सेकंद शून्यात बघत राहतं. अशा मुलाशी महिनोन्‌महिने गप्पा मारून काय होणार?

कारण कळलं म्हणजे बरं झालं का?

बोलून बरं करण्याची आधुनिक पद्धत सुरू झाली व्हिएन्नात. योसेफ ब्रॉयर या डॉक्टरांच्या एका तरुण रुग्णानं तिला 'बोलण्याचा उपचार' हे नाव दिलं. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉईड यांनी १८९५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. फ्रॉईडचं म्हणणं असं, की आजच्या लक्षणांची मुळं बालपणीच्या दडपलेल्या अनुभवांत असतात. ती वर आणली की लक्षणं ओसरतात. त्यांचं मनोविश्लेषण आठवड्यातून चार-पाच दिवस आणि वर्षानुवर्षं चालायचं. आज त्याची आटोपशीर रूपं वापरली जातात. तीच तीच नाती पुन्हा पुन्हा बिघडतात, मनात जुनं काहीतरी सलत राहतं, अशा प्रौढांना त्यांचा उपयोगही होतो. पण आपल्या सातवीतल्या मुलाचं काय? पाय कशात अडकून मोडला हे कळल्यानं हाड जुळत नाही.

भीती वाढते कशी?

इथे थोडं थांबू, कारण शाळेत सर्वांत जास्त भेटणारी अडचण हीच आहे.

मूल शाळेच्या विचारानं घाबरतं. छाती धडधडते, पोटात गोळा येतो. आई कळवळून म्हणते, "राहा आज घरी." त्या क्षणी भीती झर्रकन उतरते. मुलाच्या मनानं यातून काय धडा घेतला? 'टाळलं म्हणून वाचलो.' दुसऱ्या दिवशी भीती आणखी थोडी मोठी असते. शिवाय शाळेत जाऊन खरोखर काय घडलं असतं, हे कळायची संधीही गेली. म्हणजे भीतीला खतपाणी मिळतं ते टाळण्यामुळे. माया म्हणून केलेली गोष्ट नेमकी उलटी पडते.

मग उपाय काय? १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेनं पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भयंकर भीती वाटायची. जोन्सबाईंनी तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला, मग रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेतले जोसेफ वोल्पे यांनी या पायऱ्या-पायऱ्यांच्या पद्धतीला शिस्त लावली आणि १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. हाच वर्तनोपचार.

आपल्या मुलासाठी शिडी अशी असू शकेल : संध्याकाळी रिकाम्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन येणं, शाळा भरलेली असताना दहा मिनिटं ग्रंथालयात बसणं, मग आवडत्या सरांचा एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. पायऱ्या मुलाला विचारूनच ठरवायच्या. मात्र भीती शिगेला पोचलेली असताना पळ काढायचा नाही. ती जरा ओसरेपर्यंत, निदान 'वाटलं होतं तसं काही झालं नाही' हे उमगेपर्यंत तिथे थांबायचं. एकदम ढकलून वर्गात बसवणं हा वर्तनोपचार नव्हे. आणि शाळेत कुणी त्याला खरोखरच मारत किंवा छळत असेल, तर ती भीती रास्त आहे. तिथे उपचार मुलावर करायचा नसून शाळेवर करायचा आहे.

विचारांची तपासणी

पीटरला ससा नको होता, एवढंच. मोठ्या मुलांच्या भीतीत विचार मिसळलेले असतात : 'कविता म्हणताना अडखळलो तर सगळे हसतील आणि मग मी तोंड दाखवू शकणार नाही.' न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास असं मांडलं, की घटना आपल्याला जेवढं दुःख देत नाही तेवढं तिच्याबद्दलचं आपलं हट्टी मत देतं. हसतील, हे शक्य आहे. पण हसूच नयेत, हा अट्टहास कशासाठी? मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ही विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे रुजवली. साधारण त्याच काळात फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनी उदास रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. ते स्वतः फ्रॉईडच्या परंपरेतले, त्यामुळे दडपलेला राग सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. सापडलं ते हरल्याचं आणि नाकारलं गेल्याचं चित्र. पुरावा आपल्या सिद्धान्ताविरुद्ध गेला म्हणून त्यांनी सिद्धान्त बदलला! त्यातून विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी आजची पद्धत उभी राहिली.

तिची कसोटी कशी लागते ते पाहा. अमेरिकेत २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिंताविकार असलेली ७ ते १७ वयाची ४८८ मुलं चार गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली गेली. बारा आठवड्यांनी नुसती खोटी गोळी घेतलेल्यांपैकी शेकडा २४ मुलांत ठळक सुधारणा होती. खऱ्या औषधानं शेकडा ५५, विचार-वर्तन उपचारानं शेकडा ६०, दोन्ही मिळून शेकडा ८१. 'औषध की बोलणं' हा वाद घालणाऱ्यांनी शेवटचा आकडा पाहावा. आणि पहिलाही पाहावा, कारण काही मुलं तर खोट्या गोळीनंही सुधारतात! म्हणूनच 'आमच्याकडे आलेले बरे झाले' एवढ्या सांगण्यानं काहीच सिद्ध होत नाही. माणूस मदत मागतो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावर. त्यानंतर तो थोडा उतरतोच.

गोव्यातला एक प्रयोग

उदासीनतेसाठी आणखी एक साधी पद्धत आहे. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडल्यामुळे आणखी उदास होतो. तेव्हा मन येण्याची वाट न पाहता छोटी छोटी कामं ठरवून पुन्हा सुरू करायची : सकाळी फेरफटका, मैत्रिणीला भेट, अर्धवट राहिलेलं शिवणकाम. गोव्यात 'संगत' या संस्थेनं यावर आधारलेली सहा ते आठ भेटींची पद्धत तयार केली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरली. बोलणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. ४९५ प्रौढ रुग्णांचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी या गटातले शेकडा ६४ जण उदासीनतेतून बाहेर आले होते; नेहमीच्या देखभालीच्या गटात शेकडा ३९. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाशिवाय काही होतच नाही, हा आपला समज यानंतर थोडा सैल करायला हवा.

उपचारानं अपाय होतो का?

होऊ शकतो. अपघातानंतर लगेच प्रत्येकाला बसवून 'काय पाहिलंस, काय वाटलं' हे सविस्तर बोलायला लावणं एके काळी फार लोकप्रिय होतं. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर याची चाचणी झाली आणि १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. तेरा महिन्यांनी असं बोलायला लावलेल्यांपैकी शेकडा २६ जणांना आघातोत्तर विकार होता. तसं न केलेल्यांपैकी शेकडा ९ जणांना. शाळेच्या सहलीला अपघात झाला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात एकेकाला उभं करून अनुभव सांगायला लावू नये. ज्याला बोलायचं असेल त्याचं ऐकावं, बाकीच्यांना खेळू द्यावं, आणि काही आठवड्यांनंतरही झोप उडालेली असेल त्याला पुढे पाठवावं.

ऐकणं हीसुद्धा एक विद्या आहे. कार्ल रॉजर्स यांनी सारा भर त्यावरच दिला : समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, अटी न घालता स्वीकारणं, आणि स्वतः खरं असणं. नाव कोणतंही असो, रुग्ण आणि उपचार करणारा यांचं नातं जमलं नाही तर बहुतेक पद्धती लंगड्या पडतात. याबाबतीत रॉजर्स यांची शिदोरी शिक्षकालाही पुरते.

तर मग पालकांना काय सांगायचं?

विशिष्ट भीती, परीक्षेचा धसका, पुन्हा पुन्हा हात धुणं असं असेल तर विचार-वर्तन उपचार करणारा शोधा. लहान मूल हट्टी, आक्रस्ताळं असेल, तर त्याला एकट्याला खोलीत बसवून बोलण्यापेक्षा आई-वडिलांनाच वागण्याचं प्रशिक्षण देणारी पद्धत अधिक उपयोगी पडते. (हे पालकांना आवडत नाही, असा अनुभव आहे.) भास होत असतील, बोलणं असंबद्ध झालं असेल, झोप न घेता मूल दिवसेंदिवस भलत्याच उत्साहात असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. ते वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषध देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, पण चाचण्या आणि मानसोपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायला संकोच नको. 'समुपदेशक' या पाटीवरून शिक्षण किती हे कळत नाही, तेही विचारावं.

पहिल्या भेटीतच आणखी दोन प्रश्न विचारावेत : साधारण किती भेटी लागतील, आणि सुधारणा होतेय हे कशावरून ओळखायचं? यावर सरळ उत्तर न देणाऱ्यापेक्षा 'सहा-आठ भेटींनंतर आपण आढावा घेऊ' असं म्हणणारा बरा.

मूल मरणाबद्दल बोलत असेल, तर यातलं काहीही निवडत बसू नये. त्याला एकटं सोडू नये, त्याच दिवशी पालकांना बोलवावं आणि रुग्णालय गाठावं. तिथे जाईपर्यंत काय करायचं हे विचारायला ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली मानस' ही सरकारी सेवा आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवावा.